फेरीचे पैसे कोण देतं?

सामाजिक उद्योगांच्या यशोगाथा वाचायची आपल्याला आता सवय झाली आहे. लिंक्डइनवर, यूट्यूबच्या मुलाखतींत, वार्षिक अहवालांत, रविवारच्या पुरवण्यांत त्या सारख्या भेटतात. सांगाडा ठरलेला असतो. आधी एक दुःख येतं: घरातलं कोणी आजारी पडतं आणि वेळेवर गाडी मिळत नाही. मग निश्चय होतो आणि चांगली नोकरी सुटते. मग एखादा गुंतवणूकदार विश्वास टाकतो. शेवटी आकडे येतात: इतके जिल्हे, इतक्या गाड्या, इतके लाख लाभार्थी.

नीट पाहिलं तर हा सांगाडा व्रतकथेचा आहे. संकट, व्रत, देवाची कृपा, आणि शेवटी फलश्रुती. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो. म्हणूनच त्या गोष्टी आपल्याला पटकन पटतातही. मला त्यांचा राग नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या असतात, त्यातली माणसं कष्टाळू असतात, आणि त्यांच्यामुळे काहींचे जीव वाचलेले असतात. पण हा एक साहित्यप्रकार आहे असं धरून त्या वाचायला हव्यात. वाक्यांचा कर्ता कोण आहे, कोणाला नाव आहे, कोणाला फक्त फोटो आहे, आणि कोण आलंच नाही, हे कादंबरी वाचताना आपण विचारतो. तेच इथेही विचारायला हवं.

असं वाचू लागलं की एक पात्र जवळपास प्रत्येक गोष्टीतून गायब असल्याचं दिसतं. अ‍ॅम्ब्युलन्स कोणाच्या पैशाने घेतली हे गोष्ट सांगते. पण तीच गाडी मंगळवारी रात्री अडीच वाजता, खिशात पैसे नसलेल्या माणसासाठी निघते, तेव्हा त्या एका फेरीचे पैसे कोण देतं, हे ती सांगत नाही. गुंतवणुकीमुळे आरोग्यसेवा वाढतात, हे मला मान्य आहे. पण वाढलेली सेवा टिकते ती रोजचे पैसे देणाऱ्यामुळे. त्याला वगळलं की वाचकाला फक्त गोष्ट कळते, सेवा कशी चालते ते कळत नाही.

हे तपासायला मी एक पुस्तक, दोन अ‍ॅम्ब्युलन्स सेवा आणि पिंपरीतला एक करार घेतो.

निळा स्वेटर

या साहित्यप्रकाराचा एक मूळ ग्रंथ म्हणून जॅकलिन नोवोग्राट्झ यांचं 'द ब्लू स्वेटर' धरता येईल. ते २००९ साली आलं. लेखिका आधी चेस मॅनहॅटन बँकेत होत्या. ती नोकरी सोडून त्या आफ्रिकेत गेल्या, आणि २००१ मध्ये त्यांनी 'अ‍ॅक्युमेन' हा फंड सुरू केला. शीर्षकातला स्वेटर त्यांच्या लहानपणचा. अमेरिकेत दान केलेला तो स्वेटर पुढे रवांडातल्या किगालीमध्ये एका मुलाच्या अंगावर त्यांना दिसला. जग एकमेकांना बांधलेलं आहे, हे सांगायला याहून सोपी प्रतिमा सापडणार नाही.

पुस्तकातला सगळ्यात चांगला भाग मला किगालीतल्या बेकरीचा वाटतो. काही बायका देणगीच्या आधारावर एक बेकरी चालवत असतात. लेखिका तिथे जाऊन हिशेब मांडतात. पीठ किती, विक्री किती, बाईच्या हातात किती पडतं, आणि देणगीदार दर महिन्याला किती तोटा भरून काढतो, हे सगळं पानावर येतं. मग ती बेकरी धंदा म्हणून उभी करायचा खटाटोप सुरू होतो. इथे गोष्ट आणि हिशेब एकत्र चालतात, म्हणून वाचक लेखिकेवर विश्वास ठेवतो. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा. ज्या स्त्रियांबरोबर त्यांनी तिथे वित्तसंस्था उभी केली, त्यांच्यातलीच एक पुढे १९९४ च्या नरसंहारात गुन्हेगार ठरली. हे त्या लपवत नाहीत. चांगली संस्था उभी केल्याने चांगला समाज आपोआप उभा राहत नाही, हे पुस्तक स्वतःच सांगून जातं.

पुढे फंड सुरू झाल्यावर लेखनाचा पोत बदलतो. बेकरीच्या प्रकरणात दिसणारा पिठाचा भाव नंतरच्या उद्योगांच्या बाबतीत दिसेनासा होतो. उद्योजकांची व्यक्तिचित्रं येतात, त्यांची जिद्द येते. रोजच्या खर्चाचा हिशेब मात्र मागे पडतो.

या फंडाची मुख्य कल्पना 'पेशंट कॅपिटल' या नावाने ओळखली जाते. मराठी कानाला हे शब्द गमतीचे आहेत. आपल्याकडे पेशंट म्हणजे दवाखान्यात बाकावर बसलेला माणूस. त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे रुग्णाच्या जिवावर उभं केलेलं भांडवल वाटू शकतं. खरा अर्थ धीराचं भांडवल. दोन-तीन वर्षांत नफा मागणारा गुंतवणूकदार गरिबांसाठीच्या सेवेत टिकत नाही, आणि देणगी कधी थांबेल याचा नेम नसतो. म्हणून मधला मार्ग: दीर्घ काळ थांबायची तयारी असलेले, कमी परताव्यावर समाधान मानणारे पैसे. कल्पना चांगली आहे. ट्रस्टला बँक सहजासहजी कर्ज देत नाही, आणि देणगीतून पन्नास गाड्या एकदम घेता येत नाहीत. ही अडचण अशा पैशाने खरोखर सुटते. ती कशी सुटली, याचं उदाहरण मुंबईत आहे.

१२९८

मुंबईत २००५ च्या सुमारास '१२९८' ही अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. पुढे तिची कंपनी झिकित्झा या नावाने ओळखली गेली. तिची जन्मकथा अनेकदा सांगितली गेली आहे, आणि ती दोन आईंची आहे. संस्थापकांपैकी एक शफी माथेर यांच्या आईला केरळमध्ये मध्यरात्री श्वास घेता येईना, आणि गाडी मिळायची पंचाईत झाली. दुसरे संस्थापक रवी कृष्णा यांची आई न्यूयॉर्कमध्ये कोसळली, आणि तिथे एक नंबर फिरवल्यावर मदत आली. दोन देश, दोन व्यवस्था. गोष्ट म्हणून हे पक्कं आहे.

पण १२९८ मध्ये मला सगळ्यात आवडतो तो तिचा दर. पेशंटला खासगी रुग्णालयात जायचं असेल तर पूर्ण भाडं. सरकारी रुग्णालयात जायचं असेल तर सवलतीचं भाडं. अपघातातल्या किंवा बेशुद्ध, बेवारस पेशंटला फुकट. कोणाकडे रेशनकार्ड मागायचं नाही, उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. माणूस कुठल्या दवाखान्याचं नाव घेतो यावरून त्याची ऐपत ओळखायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. एका प्रश्नात दोन उत्तरं मिळतात: गाडी कुठे न्यायची, आणि पैसे किती घ्यायचे. शिवाय गरिबी सिद्ध करायचा अपमान टळतो.

२००७ मध्ये अ‍ॅक्युमेनने या कंपनीत १५ लाख डॉलर गुंतवले. पैसे आल्यावर गाड्या वाढल्या, नियंत्रण कक्ष वाढला. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री याच गाड्या जखमींना नेत होत्या. इथवर यशोगाथा बरोबर आहे. धीराचा पैसा नसता तर या गाड्या इतक्या लवकर रस्त्यावर आल्या नसत्या.

पुढचा भाग गोष्टीत पुसट होतो. पूर्ण भाडं देणाऱ्यांच्या पैशातून सवलतीच्या फेऱ्या भागवायच्या, हे गणित मोठ्या शहरात काही प्रमाणात जमतं. जिथे पूर्ण भाडं देणारे थोडे आणि न देऊ शकणारे खूप, तिथे ते बसत नाही. पुढच्या वर्षांत कंपनीची मोठी वाढ झाली ती पंजाब, ओडिशा, केरळ यांसारख्या राज्यांच्या सरकारी कंत्राटांतून. तिथे पेशंटला सेवा फुकट, आणि फेरीचे पैसे सरकार देणार. गुंतवणूकदाराच्या पैशाने कंपनी कंत्राट घेण्याइतकी मोठी झाली, आणि कंत्राटाच्या पैशाने ती गरिबांपर्यंत पोचली. दोन्ही वाक्यं खरी आहेत. यशोगाथेत पहिलं वाक्य ठळक असतं आणि दुसरं तळटीपेत जातं.

साडेतीन माणसं

आता थोडी आकडेमोड, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एक अ‍ॅम्ब्युलन्स चोवीस तास, सातही दिवस उभी ठेवायची आहे. आठ तासांच्या पाळ्या धरल्या तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. एक ड्रायव्हर आठवड्याला सहा पाळ्या करतो. २१ भागिले ६, म्हणजे साडेतीन. रजा, आजारपण, सणवार धरले की चार ड्रायव्हर लागतात. गाडीत बसणारा डॉक्टर किंवा सहाय्यक धरला तर तेही चार. म्हणजे एका गाडीमागे आठ माणसांचे पगार, वर डिझेल, ऑक्सिजन, औषधं, टायर, विमा. गाडी एकदा घ्यायची असते. हे आठ पगार दर महिन्याला द्यायचे असतात.

पाळी बारा तासांची केली तर? आठवड्याला १४ पाळ्या, भागिले सहा. साधारण २.३३. चार ड्रायव्हरांचं काम अडीच-तीन जणांत उरकतं. प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर याला 'ऑपरेशनल एफिशियन्सी' म्हणता येतं. चाकणच्या कंपन्यांत बारा तासांची पाळी करून एका खोलीत सहा-सहा जण झोपणाऱ्या पोरांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून कुठलीही आरोग्यसेवा 'स्वतःच्या पायावर उभी' आहे असं वाचलं की मी तिचे पाय मोजतो. तिथे चारांपैकी एक गोष्ट असते. पैसेवाल्या पेशंटकडून जास्त घेतलेलं असतं, सरकार बिल भरत असतं, देणगीदार तोटा सोसत असतो, किंवा कामाला असलेली माणसं कमी पगारात जास्त तास काढत असतात. बहुतेक वेळा यांचं मिश्रण असतं. यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते सांगायला हवं. विशेषतः चौथ्या प्रकारचे पैसे देणाऱ्याला आपण काही देतोय हेसुद्धा कोणी सांगत नाही.

चिंचवडची १०८

हेच दुसऱ्या बाजूने पाहायचं तर आमच्या शहरातच उदाहरण आहे. महाराष्ट्रात '१०८' सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्या: २३३ अत्याधुनिक आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या. गाडीत डॉक्टर, आणि पेशंटला सेवा मोफत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. भागाकार केला तर साधारण १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी येते. ही सेवा चालवायचं काम मिळालं बीव्हीजी इंडिया या कंपनीला. तिचं मुख्य कार्यालय चिंचवडमध्ये आहे.

बीव्हीजीचे संस्थापक हणमंतराव गायकवाड यांची कहाणी मराठी वाचकांना पाठ आहे. सातारा जिल्ह्यातलं रहिमतपूर, हलाखीचं बालपण, इंजिनिअरिंग, पिंपरीतल्या टेल्कोतली नोकरी, गावाकडच्या पोरांना काम मिळावं म्हणून सुरू केलेलं प्रतिष्ठान, आणि १९९७ मध्ये टेल्कोतच मिळालेलं साफसफाईचं काम. मराठी माणूस धंदा करू शकतो, हे सांगायला आपल्याकडे हीच गोष्ट वारंवार सांगितली जाते, आणि तिच्यातला अभिमान खोटा नाही. टाटा आणि बजाजच्या गेटबाहेर नोकरीसाठी उभ्या राहणाऱ्या पिढीला ती स्वतःची वाटते.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग दुसऱ्याच प्रकारच्या मजकुरात आहे. २०११ मध्ये थ्री-आय या ब्रिटिश खासगी गुंतवणूक कंपनीने बीव्हीजीत पैसे घातले. २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरण्यासाठी कंपनीने सेबीकडे मसुदा दाखल केला, आणि त्यात आधीच्या गुंतवणूकदाराने आपला हिस्सा विकायची तरतूद होती. हा धीराचा पैसा नव्हे. ठरावीक वर्षांनी बाहेर पडणारा हा नेहमीचा व्यावसायिक पैसा आहे. तरीही मोठं सरकारी कंत्राट घ्यायला लागणारी ताकद अशाच पैशाने येते. शेकडो गाड्यांचा ताफा रस्त्यावर ठेवायचा, हजारो पगार वेळेवर करायचे, आणि सरकारी बिल निघेपर्यंत थांबायचं, हे रिकाम्या खिशाने होत नाही.

माझा सल्ला असा, की ज्या कंपनीची यशोगाथा वाचाल, तिचा सेबीकडचा मसुदा मिळत असेल तर तोही चाळा. त्यात 'जोखमीचे घटक' नावाचं सक्तीचं प्रकरण असतं. सरकारी कामं करणाऱ्या कंपनीच्या मसुद्यात तिथे साधारणपणे कंत्राटाचं नूतनीकरण, थकलेली बिलं, वाढणारे पगार अशा गोष्टी येतात. भाषा वकिली आणि रुक्ष. पण आमचं पुढे कशामुळे बिघडू शकतं, हे तिथे कायद्याने लिहावं लागतं. प्रेरणादायी भाषणात संस्थापकाची आई असते, आणि या प्रकरणात थकलेलं बिल असतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की पूर्ण पुस्तक होतं.

१२९८ सामाजिक गुंतवणुकीतून आली आणि सरकारी कंत्राटाकडे गेली. बीव्हीजी व्यावसायिक गुंतवणूक घेऊन सरकारी कंत्राटाकडे गेली. वाटा वेगळ्या, पोचल्या एकाच ठिकाणी. खिशात पैसे नसलेल्या पेशंटच्या फेरीचे पैसे शेवटी सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्या करातून जातात.

पिंपरीचा बाँड

मग सरकारनेच गुंतवणूकदाराशी थेट करार केला तर? हा प्रयोग पिंपरीत मांडला गेला. डिसेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था युएनडीपी यांनी देशातल्या पहिल्या 'सोशल इम्पॅक्ट बाँड'ची घोषणा केली. विषय होता महापालिकेची आरोग्यसेवा सुधारणं.

नावात बाँड असला तरी हा कर्जरोखा नाही. पालिकेने २०२३ मध्ये २०० कोटींचे म्युनिसिपल बाँड आणले, ते खरे कर्जरोखे. इम्पॅक्ट बाँड हा करार असतो. खासगी गुंतवणूकदार आधी पैसे घालतो. त्यातून सेवा सुधारायचं काम होतं. ठरलेले निकष पूर्ण झाले का, हे त्रयस्थ तपासतो. झाले तर सरकार गुंतवणूकदाराला पैसे परत करतं. नाही झाले तर नुकसान गुंतवणूकदाराचं. आधी अशाच धर्तीचे 'डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बाँड' राजस्थानात झाले होते. तिथे शेवटी पैसे देणार होत्या देणगीदार संस्था. इथे ते पालिका देणार, म्हणून हा पहिला.

आमच्या पेशातल्या माणसाला हा मजकूर ओळखीचा वाटतो. 'काम झालं' कधी म्हणायचं, याची व्याख्या आधी लिहायची, आणि टेस्ट पास झाल्यावरच बिल. याचे फायदे खरे आहेत. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात 'एज्युकेट गर्ल्स' संस्थेचा २०१५ ते २०१८ असा बाँड झाला. दरवर्षी मोजमाप होत असल्याने मधल्या टप्प्यात मुलांचं शिकणं मागे पडल्याचं वेळेवर कळलं, शिकवायची पद्धत बदलली गेली, आणि शेवटी शिकण्याचं उद्दिष्ट १६० टक्के गाठलं गेलं. गुंतवणूकदाराला मुद्दल १५ टक्के परताव्यासह मिळाली. पैसे आधीच खर्ची टाकून वर्षाअखेर फोटो काढण्यापेक्षा हे बरंच बरं.

पण निकष लिहिणाऱ्याला एक अनुभव असतो. टेस्टमध्ये जे लिहिलं तेच सुधारतं. राजस्थानातला दुसरा बाँड, 'उत्कृष्ट', खासगी प्रसूतिगृहांच्या दर्जाचा होता, आणि त्यात मोजायची गोष्ट होती दर्जाचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र मोजता येतं. रात्री पाळीवरची नर्स बाईशी कशी बोलली, हे मोजणं अवघड. पैसे ज्याला जोडलेले असतात तिकडे सगळ्यांचं लक्ष जातं, त्यात कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही.

पिंपरीत याला आणखी एक पदर आहे: हद्दीचा. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, आपलं वायसीएम, साडेसातशे खाटांचं. तिथल्या रांगेत फक्त पिंपरी-चिंचवडचे लोक नसतात. मावळातून, खेडमधून, चाकणच्या कंपन्यांतून पेशंट येतात. चाकण पालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिथे वेगळी नगरपरिषद, वेगळं ग्रामीण रुग्णालय, शिवाय एमआयडीसी. माल, बस आणि माणसं ही हद्द दिवसरात्र ओलांडतात, पण करार हद्दीच्या आत लिहिला जातो. बाहेरून आलेला पेशंट कराराच्या नजरेत कोण? सुधारणेचा लाभार्थी, की आकडे बिघडवणारी गर्दी? उत्तर निकषाच्या शब्दरचनेत असतं. ते लिहिताना टेबलावर कोण होतं, हा म्हणून साहित्याचाही प्रश्न आहे आणि राजकारणाचाही.

याच शहरात संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आधीही आल्या होत्या. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत. देशाला स्वतःचं पेनिसिलिन मिळालं. एचए कॉलनी हे नाव आजही त्यातूनच. तेव्हा बाहेरच्या मदतीतून आला तो कारखाना, आणि तो सरकारचा म्हणजे आपला झाला. २०२० मध्ये आली ती कराराची रचना. मला जुन्याचा मोह नाही. ती सरकारी कंपनी पुढे आजारी उद्योगांच्या यादीत गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. मशीन देऊन कारभार सुधारत नाही, हे एचएने शिकवलं. पण कारभार सुधारायला गुंतवणूकदाराचा धाक लागतो, हेही सहज मान्य करू नये. जकातीच्या काळात या पालिकेला आशियातली सर्वात श्रीमंत म्हणायचे. जिच्याकडे पैसे आहेत तिला बाँडमधून मुख्यतः शिस्त हवी असते. मग तो शिस्तीचा करार आहे असंच म्हणावं, आणि शिस्तीसाठी परताव्याचे किती पैसे जातात तेही लिहावं.

पावतीवरचे १३५ रुपये

आता त्या हद्दीपलीकडच्या कामगाराकडे येतो. यशोगाथांत तो कायम घेणारा असतो, लाभार्थी असतो. त्याच्या पगाराच्या पावतीत वेगळंच दिसतं.

२०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतो. जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के असा हप्ता आहे. १८,००० पगार असेल तर कामगाराचे १३५ आणि मालकाचे ५८५, मिळून ७२० रुपये दर महिन्याला. असे एक लाख कामगार धरले तर महिन्याला ७ कोटी २० लाख. आजारी पडो वा न पडो, पैसे जातात. कोणताही फंड येण्याआधी या पट्ट्यातल्या आरोग्यसेवेत नियमित पैसे घालणारा माणूस हा आहे. त्याला कोणी गुंतवणूकदार म्हणत नाही, त्याच्यासाठी कोणी अहवाल छापत नाही.

त्याला परतावा मिळतो का, हे विचारणारा एक वेगळ्या जातीचा अहवाल आपल्याकडे निघतो. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचा अहवाल काढते. त्याचा भर हरियाणातल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांवर राहिला आहे. तो पट्टा म्हणजे चाकणचा सख्खा भाऊ. त्यात गाड्या नि जिल्हे मोजत नाहीत. पॉवर प्रेसखाली गेलेली बोटं मोजतात. त्यात पुन्हा पुन्हा समोर आलेली एक गोष्ट म्हणजे, अनेक जखमी कामगारांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यावर मिळालं. सेवा आहे, पैसे आहेत, पण कार्ड बोट गेल्यावर येतं. ही अडचण नव्या भांडवलाने सुटणारी नाही. कामावर घेतल्याच्या दिवशी कंत्राटदाराने कार्ड काढलं पाहिजे, आणि तसं झालं की नाही हे कोणीतरी तपासलं पाहिजे.

या अहवालात सुंदर फोटो नाहीत, दिलासा देणारा शेवटही नाही. पण अपघात, कार्ड, मालक, सरकार आणि बड्या वाहन कंपन्या असे सगळे कर्ते त्यात आपापल्या वाक्यात हजर आहेत.

चांगली गोष्ट कशी असेल

सामाजिक उद्योगांवर लिहूच नये किंवा गुंतवणूकदारांकडे संशयानेच बघावं, असा निष्कर्ष यातून काढायचं कारण नाही. पैसा आल्यावर सेवा खरोखर वाढते. १२९८ च्या गाड्या, १०८ ची फोन उचलणारी यंत्रणा, भिलवाड्यातल्या मुलींची शाळा यामागे पैसे होतेच. ज्यांनी ते वेळेवर घातले, त्यांना श्रेय द्यायला हवं.

फक्त लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी चार ओळी जास्त मागाव्यात. एका फेरीला, एका तपासणीला, एका बाळंतपणाला खर्च किती येतो? तो पेशंट, सरकार, देणगीदार आणि कर्मचारी यांच्यात कसा वाटला जातो? गुंतवणूकदार बाहेर पडला की त्या वाटणीत काय बदलतं? आणि निकषांच्या हद्दीबाहेर कोण उभं आहे? या चार ओळींनी कुठल्याही संस्थापकाचं कर्तृत्व कमी होत नाही. उलट १२९८ चा दर ठरवणाऱ्याची हुशारी त्यामुळेच कळते.

किगालीच्या बेकरीत नोवोग्राट्झ यांनी हेच केलं होतं. पिठाचा भाव लिहिला, बाईच्या हातातली रक्कम लिहिली, आणि तोटा कोण भरतं ते लिहिलं. पुढची यशोगाथा फोनवर उघडाल, तेव्हा आकडे वाचून झाल्यावर एकदा वर जा आणि ड्रायव्हर शोधा. त्याला नाव दिलंय का, त्याची पाळी किती तासांची आहे, आणि त्याचा पगार कोण करतं, हे त्यात लिहिलं असेल, तर ती गोष्ट पुढे पाठवायला हरकत नाही.